एम.ए.ला गाणं शिकवायचं की शिकवणं?

संगीतात एम.ए. झालेल्या मुलाला किंवा मुलीला नक्की काय येतं, असं विचारलं तर महाराष्ट्रात दोन उत्तरं ठरलेली आहेत. तालमीतून आलेले गवई म्हणतात, गाणं येत नाही. शाळा चालवणारे म्हणतात, शिकवता येत नाही. दोन्ही उत्तरं सरसकट खरी मानली तर अनेक गुणी मुलांवर अन्याय होईल. तरीही ती ऐकून सोडून द्यावीत इतकी पोकळ नाहीत. दोन वर्षं घालवून, फी भरून, घरच्यांची समजूत काढून ही मुलं तिथे येतात. त्यांच्या हातात शेवटी काय पडतं, हे कुणीतरी नीट बोललं पाहिजे.

म्हणून दोघांना समोरासमोर बसवलं आहे. बुवा ग्वाल्हेरच्या तालमीतले. घरी शिष्य येतात आणि विद्यापीठाची पायरी ते परीक्षक म्हणूनच चढतात. ताई विद्यापीठाच्या संगीत विभागातून निवृत्त झालेल्या. अभ्यास मंडळावर त्यांनी बरीच वर्षं काढली. दोघंही माझ्या कल्पनेतली आहेत. त्यांचे मुद्दे मात्र या क्षेत्रातल्या माणसांकडून मी सतत ऐकत आलो आहे, आणि जिथे राहवलं नाही तिथे मध्ये बोललोही आहे.

बुवा: ताई, परवा एम.ए.च्या शेवटच्या सत्राला बाह्य परीक्षक म्हणून गेलो होतो. मुलगी चांगली होती. आवाज गोड, सुराला पक्की. पूरिया सुरू केला, विलंबित एकतालात. मंद्र निषादावर छान थांबली, गंधाराकडे निघाली, तेवढ्यात शेजारच्या परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. ‘छान, आता द्रुत म्हणा.’ द्रुताची दोन आवर्तनं झाली न झाली तोच, ‘आता पूरिया, मारवा आणि सोहनीतला फरक दाखवा.’ मग एक तराणा, मग धमाराची दुगुन-चौगुन हातावर. अर्ध्या तासात सगळं उरकलं. पूरिया बिचारा गंधाराच्या वाटेवरच राहिला. तिला गाता येतं की नाही, हे मला कळलंच नाही आणि मी गुण देऊन आलो.

ताई: वेळेचं तुमचं खरं आहे. पण फरक दाखवायला सांगितलं त्यात काय चुकलं? तिन्ही रागांचे स्वर तेच. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम नाहीच. तीन राग एकमेकांत मिसळू न देता दाखवणं ही कानाची मोठी परीक्षा आहे. तुमच्या मैफलीत गवई एक पूरिया गाऊन उठतो. त्याला सोहनी कळते की नाही, कोण विचारतं?

बुवा: दाखवता आला असता तर मी हात जोडले असते. तिनं सांगितला. पूरियात वादी गंधार, संवादी निषाद. मारव्यात रिषभ-धैवत. सोहनीत धैवत-गंधार. एका दमात, न अडखळता. मग म्हटलं, मारवा गा. तर दर दोन स्वरांनी षड्जावर येऊन बसायला लागली. मारव्यात षड्जाला हुलकावणी देत राहायचं असतं, रिषभ-धैवतांवर माणसाला अधांतरी ठेवायचं असतं. हेही तिच्या वहीत असणार. गळ्यात नव्हतं.

ताई: वहीला इतकं कमी लेखू नका, बुवा. ती वही यावी म्हणून एका माणसानं वकिली बाजूला ठेवून देश पालथा घातला. भातखंड्यांच्या आधी चीज मिळवायची म्हणजे उस्तादाच्या मर्जीचा प्रश्न होता. कुणी अस्ताई द्यायचा आणि अंतरा राखून ठेवायचा. क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग आले आणि शेकडो बंदिशी लातूरच्या, गोंदियाच्या मुलीलाही दिसायला लागल्या. १९१६ साली त्यांनी बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद घडवून आणली, १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज उभं राहिलं. तुमच्या ग्वाल्हेरच्याच गादीवरचे विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांनी ५ मे १९०१ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते कशासाठी? दारं उघडावीत म्हणूनच ना? विशेषतः मुलींसाठी. गुरूच्या घरी राहून शिकणं बहुतेक घरांतल्या मुलींना शक्यच नव्हतं. वर्ग, वेळापत्रक, पावती, प्रमाणपत्र असं सगळं रीतसर असलं की वडील मुलीला पाठवायचे.

बुवा: दारं उघडली, मान्य. पण आत गेल्यावर काय मिळतं ते बोला. दरबारीचा गंधार, बागेश्रीचा गंधार, तोडीचा गंधार. भातखंडे लिपीत तिन्हींच्या खाली तीच आडवी रेघ. दरबारीचा गंधार अतिकोमल, झुलणारा, वरून उतरताना मध्यमाला धरून येणारा. तोडीचा त्याहून वेगळा. बागेश्रीचा तर अगदीच वेगळा. रेघ एकच. मग तो गंधार कुठून यायचा? समोर बसून, शंभरदा चुकून, गुरूनं शंभरदा ‘नाही’ म्हटल्यावर तो येतो.

ताई: लिपी ही ऐकलेल्याला आठवण देण्यासाठी आहे. न ऐकलेल्याला ती गाणं देणार नाही, हे भातखंड्यांनाही ठाऊक होतं. म्हणून तर त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर पुस्तकावर थांबले नाहीत, बडोद्याला फैयाज खाँसाहेबांकडे गंडा बांधून शिकले. आणि पुढे तेच मॅरिस कॉलेजचे प्राचार्य झाले. के. जी. गिंडे, दिनकर कायकिणी, एस. सी. आर. भट ही माणसं त्या वातावरणातून आली. आता सांगा, ही कॉलेजची माणसं की तालमीची?

बुवा: तालमीची! कॉलेजच्या छपराखाली झालेल्या तालमीची. गिंड्यांना रातंजनकरांनी घरी ठेवून घेतलं होतं. तासाची घंटा झाली म्हणून शिकवणं थांबलं नसेल.

इथे मला मध्ये बोलावंसं वाटतं. हा वाद शंभर वर्षं ‘गुरुकुल की विद्यापीठ’ असा मांडला गेला आणि त्यातच तो अडकून पडला. प्रत्यक्षात चांगले गवई दोन्हीकडून गेले. उल्हास कशाळकर नागपूर विद्यापीठात संगीताच्या एम.ए.ला पहिले आले आणि त्यानंतर गजाननबुवा जोशी आणि राम मराठे यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली. पुढे कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत ते गुरू झाले. प्रभा अत्रे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांकडे शिकल्या, कायद्याच्या पदवीधर होत्या, संगीतात डॉक्टरेट केली आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राच्या नावाला तर ‘गुरुकुल’ हा शब्द जोडलेलाच आहे. त्यामुळे यातलं एक निवडा, असं मुलांना सांगण्यात अर्थ नाही. आज एम.ए.च्या वर्गात बसलेल्या मुलाच्या वाट्याला तालमीचे किती तास येतात, हे बघायला हवं.

ताई: मी हिशेब करून आणलाय. राज्यात २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना नवी रचना लागू झाली. सत्राला २२ क्रेडिटं, दोन वर्षांची ८८. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास. समजा रागगायनाचा एक विषय चार क्रेडिटांचा आहे, म्हणजे सत्रात १२० तास. वर्गात आठ मुलं धरा. एकेकट्याला बसवून शिकवायचं म्हटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला १५ तास. त्या विषयात चार राग असतील, तर एका रागाला पावणेचार तास.

बुवा: पावणेचार तास! मला भूपाचा गंधार लावायला याहून जास्त वेळ लागला असेल, आणि त्यातही गुरुजींनी पंचमाच्या पुढे जाऊ दिलं नव्हतं.

ताई: आणि हा झाला आदर्श हिशेब. त्यातून परीक्षा जातात, संमेलनं जातात, युवा महोत्सव जातो. शिवाय मुलं-मुली एकाच वर्गात. मुलींचा षड्ज काळी चार-पाचला, मुलग्यांचा काळी एक-दोनला. एक तंबोरा लावून आठ जणांना एकदम गायला लावलं तर अर्धे जण दुसऱ्यांच्या पट्टीत कण्हत असतात. म्हणून दोन गट करायचे. म्हणजे तास पुन्हा निम्मे. हे बाहेरून बोलणाऱ्यांना दिसत नाही. त्यात निम्म्या जागा रिकाम्या. तासिका तत्त्वावरची मुलं येऊन शिकवतात. तीन ठिकाणी तास घ्यायचे तेव्हा कुठे महिन्याचं भागतं. वर्ग संपला की त्यांना दुसऱ्या कॉलेजची बस गाठायची असते. मुलाला थांबवून ‘ये, परत म्हण’ असं कोण म्हणणार?

बुवा: मग तुम्हीच सांगताय की विद्यापीठात गवई तयार होत नाही.

ताई: मी सांगतेय की दोन वर्षांत, या तासांत, नुसत्या वर्गाच्या जोरावर तो होणार नाही. आणि होईल असं आम्ही म्हणूही नये. पण मला दुसरंच सांगायचंय. गवई तयार करणं एवढंच विद्यापीठाचं काम आहे, हे कुणी ठरवलं?

बुवा: मग दुसरं काय? रिसर्च मेथडॉलॉजी?

ताई: तेही हवं. रागाबद्दल बोलताना पुरावा कशाला म्हणतात, ध्वनिमुद्रिका तारखेसकट कशी वाचायची, हे मुलाला आलं पाहिजे. अशोक रानड्यांनी मुंबई विद्यापीठात जे केलं त्यानं आपलं ऐकणंच बदललं. पण तेही बाजूला ठेवा. आमच्याकडून बाहेर पडलेली मुलं उदरनिर्वाहासाठी शेवटी काय करतात? शिकवतात. दहातली दोन मैफलीत स्थिरावली तर आम्ही पेढे वाटतो. बाकीची शाळेत, क्लासमध्ये, ऑनलाइन, सोसायटीच्या हॉलमध्ये शिकवतात. आणि शिकवायचं कसं, हे आम्ही त्यांना दोन वर्षांत एकदाही शिकवत नाही.

बुवा: शिकवायचं वेगळं शिकवावं लागतं, असं मला कधी वाटलं नाही. ज्याला येतं तो शिकवतो.

ताई: खरंच? केसरबाई केरकरांना येत होतं ना? गोव्याच्या केरीहून आलेली ती बाई अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं शिकली. त्यांच्यासारखं गाणं पुन्हा झालं नाही. शिष्या किती? धोंडूताई कुलकर्णींशिवाय नाव घेता येत नाही. त्याच खाँसाहेबांकडे शिकलेल्या मोगूबाई कुर्डीकरांनी मात्र किशोरीताई घडवल्या, कमल तांबे घडवल्या, आणखी कितीजण घडवले. केसरबाईंच्या मोठेपणाला यानं बाध येत नाही. गाणं आणि शिकवणं ही दोन कामं आहेत, एवढंच म्हणतेय. एकातला मोठेपणा दुसऱ्यात आपोआप उतरत नाही.

बुवा: पण मोगूबाईंनी शिकवायचा कोर्स कुठे केला होता?

ताई: नव्हता केला. त्यांना ते उपजत होतं. उपजत असलेल्यांवर आपण किती शाळा चालवणार?

हा प्रश्न मला सगळ्यात कळीचा वाटतो, आणि ताईंनी तो टोकदारपणे विचारला हे बरं झालं. शाळांमधल्या संगीताचं चित्र नजरेसमोर आणा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांना, पटसंख्या शंभराच्या वर असेल तर, कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यावा असं म्हटलं आहे. म्हणजे कायद्यानं जागा धरून ठेवली आहे. तिथे जाणाऱ्या माणसाला चाळीस मुलांच्या वर्गाला सूर कसा द्यायचा, हे कुठल्या विद्यापीठानं शिकवलं आहे, असं विचारलं की सगळीकडे शांतता असते. गॅदरिंगची समूहगीतं बसवून घेणं आणि पंधरा ऑगस्टचं देशभक्तिपर गीत, एवढ्यावर शाळेतलं संगीत येऊन थांबलं, त्यामागे हेही एक कारण आहे.

ताई: एक प्रसंग सांगते. आमची एक विद्यार्थिनी, एम.ए.ला विद्यापीठात पहिली, एका शाळेत पाठ घेणार होती म्हणून मी मागे जाऊन बसले. आठवीचा वर्ग. तिनं तंबोरा स्वतःच्या पट्टीत लावला, काळी चारला. छान गायली. मग मुलांना म्हणाली, माझ्यामागून म्हणा, सा. मुली आल्या बरोबर. मुलग्यांमध्ये दोघा-तिघांचे आवाज फुटायला लागलेले. एकाचा सा मध्येच चिरकला, लगेच खाली घसरला. वर्ग हसला. ती गोड आवाजात म्हणाली, ‘तू नुसतं ऐक हं.’ तो मुलगा त्यानंतर तोंड उघडेल असं मला वाटत नाही.

बुवा: अरेरे. पट्टी बदलायची होती.

ताई: त्याच्यासाठी चाळीस जणांची पट्टी कशी बदलेल?

बुवा: चाळिसांची राहू द्या. त्या पोराला कोणते तीन-चार स्वर त्रास न होता लागताहेत ते आधी बघायचं. फुटणाऱ्या आवाजाला तेवढेच असतात. ते बहुतेक खालचे असतात. मग त्याला म्हणायचं, तू मंद्रात नुसता सा धर, बाकीचे तुझ्यावर गातील. वर्गात त्याची गरज निर्माण होते. आणि तार सप्तकाकडे त्याला त्या काळात फिरकू द्यायचं नाही. माझा आवाज फुटला तेव्हा गुरुजींनी मला कित्येक महिने वर जाऊ दिलं नाही. पहाटे खर्ज, तोही हलका, दम न लावता. दुपारी ठेका धरायला बसवायचे, म्हणजे गाण्यापासून तुटू नये. आवाज स्थिरावल्यावर पट्टी नव्यानं ठरवली, आधीची धरून बसले नाहीत. त्या काळात जोर लावून गाणारी दोन मुलं आमच्यातच होती, त्यांचा आवाज कायमचा बसला.

ताई: बुवा, हे तुम्ही आता जे बोललात ना, ते आमच्या एकाही अभ्यासक्रमात नाही. मी चाळून सांगतेय. आवाज फुटतानाची काळजी, लहान मुलांची पट्टी, ज्याला सूरच लागत नाही त्याला सुरात कसं आणायचं, यातलं काहीच नाही. तुमच्या शिष्यांना हे माहीत आहे?

बुवा: ज्यांचा आवाज माझ्याकडे असताना फुटला त्यांना माहीत आहे.

ताई: आणि मुलींना? त्या पुढे मुलग्यांना शिकवतील तेव्हा?

बुवा: त्यांना... कुणी विचारलं नाही.

ताई: म्हणजे ज्याच्यावर वेळ आली त्याला कळलं, बाकीच्यांना नाही. गुरूकडे ज्ञान आहे, पण ते योगायोगानं पुढे जातं. विद्यापीठाकडे सगळ्यांपर्यंत पोचवायची व्यवस्था आहे, पण पोचवायचं काय हे आम्ही तुमच्याकडून कधी लिहून घेतलं नाही. भातखंड्यांनी उस्तादांकडून बंदिशी लिहून घेतल्या. शिकवण्याच्या युक्त्या कुणी लिहून घेतल्या?

बुवा: पलुस्करांचा उपदेशक वर्ग होता. आमच्या गुरूंच्या तोंडी त्याचा उल्लेख असायचा. गांधर्व महाविद्यालयात शिक्षक तयार करायचा वर्ग. तिथली माणसं गावोगाव पाठवायचे. ओंकारनाथ, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, देवधर हे सगळे पलुस्करांचे शिष्य. गायले तर खरेच, पण प्रत्येकानं शाळा काढली, कॉलेज उभं केलं, पुस्तकं लिहिली. देवधरांनी मुंबईत स्कूल काढलं. कुमार गंधर्व तिथे वाढले. ओंकारनाथ १९५०मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात संगीत महाविद्यालय उभं करायला गेले.

ताई: बघा! शंभर वर्षांपूर्वी पलुस्करांना कळलं होतं की शिक्षक हा वेगळा घडवावा लागतो. आणि आज विद्यापीठं प्राध्यापक कसा निवडतात? नेट परीक्षा. तीन तास, दीडशे वस्तुनिष्ठ प्रश्न, संगणकावर. एक स्वर गायचा नाही, एका मुलाला शिकवून दाखवायचं नाही.

बुवा: आमच्यासारख्यांना तर तुमचं दारच बंद.

ताई: बंद नाही. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत संगीतासाठी दुसरी वाट ठेवलेली आहे. नामवंत गुरूकडे शिकलेला, आकाशवाणी-दूरदर्शनचा ‘ए’ श्रेणीचा कलावंत, पदवीधर, विषय कारणांसकट समजावून सांगू शकणारा. असा माणूस नेटशिवाय सहायक प्राध्यापक होऊ शकतो. ही वाट फार थोडे लोक वापरतात, कारण जागाच निघत नाहीत आणि निघाल्या तर निवड समितीला प्रमाणपत्रांची फाइल वाचणं सोपं वाटतं. पण ‘समजावून सांगण्याची क्षमता’ नियमात लिहिलेली आहे, हे लक्षात घ्या. मुलाखतीत ती तपासायची कशी, हे मात्र कुणी ठरवलेलं नाही.

बुवा: वर्ग भरवून तपासा. उमेदवाराला पाच मुलं द्या, त्यातली दोन बेसूर द्या. अर्धा तास. कळतं सगळं.

ताई: हेच मला एम.ए.च्या मुलांसाठी हवंय. नव्या रचनेत पहिल्या वर्षी ‘ऑन द जॉब ट्रेनिंग’ला चार क्रेडिटं आहेत. म्हणजे १२० तास. आज मुलं ते कुठे करतात? कुणी स्टुडिओत जाऊन बसतं, कुणी ओळखीच्या क्लासचं पत्र आणतं. तेच १२० तास शाळेत द्यावेत. आठवड्याला आठ तास, पंधरा आठवडे. एकच शाळा, तीच मुलं, सत्रभर.

बुवा: मग गाण्याचे तास आणखी कमी होणार. आधीच पावणेचार!

ताई: गाण्याच्या क्रेडिटांना मी हात लावत नाहीये. हे तास वेगळे आहेतच.

बुवा: कागदावर वेगळे. मुलाची शक्ती तीच. सकाळी शाळेत चाळीस पोरांपुढे घसा ताणून आलेला मुलगा संध्याकाळी माझ्याकडे खर्ज लावायला बसेल, तेव्हा त्याच्या गळ्यात काय उरलेलं असेल? ताई, तुम्ही मला पटवलंत की शिकवणं शिकवावं लागतं. पण ज्याला गायचंच आहे, मैफलच करायची आहे, त्याच्या आयुष्यातली ही दोन वर्षं परत येत नाहीत. त्याला शाळेत पाठवू नका. त्याला रियाज करू द्या.

ताई: त्यालाही शिकवावं लागणारच आहे.

बुवा: चाळिशीत शिकवेल. बाविसाव्या वर्षी त्याला गाऊ दे.

इथे दोघांचं जमत नाही आणि जमावं असा माझाही हट्ट नाही. बुवांची शेवटची हरकत मला वजनदार वाटते. आवाजाची, रियाजाची वर्षं मोजकी असतात. तरी निवाडा करायचाच तर मी ताईंच्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण संख्येत आहे. ज्याला खरोखर मैफलच करायची आहे त्याच्यासाठी एम.ए.मध्ये सादरीकरणाची वेगळी शाखा असावी. तिची परीक्षा तुकड्यातुकड्यांची नको. एक राग, पाऊण तास, समोर श्रोते, तबला-पेटीची खरी साथ. परीक्षकांनी घड्याळ पालथं घालून बसावं आणि तो पूरिया गंधारापर्यंत आणि तिथून पुढे जाऊ द्यावा. त्या मुलांना शाळेतून सूट द्यावी. बुवांच्या आक्षेपाला तेवढं उत्तर देणं भाग आहे. पण ही शाखा मोजक्यांची असेल. बाकीचे सगळे, म्हणजे वर्गातले बहुतेक, पुढे आयुष्यभर शिकवणार आहेत. त्यांनी एकाही मुलाला सुरात न आणता पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडावं, हे मला चुकीचं वाटतं. त्यांच्या अंतिम परीक्षेत एक पाठ असावा. समोर परक्या शाळेतली मुलं, त्यात एखादा फुटणारा आवाज, आणि परीक्षकांत एक तालमीतला गुरू आणि एक शाळेत आयुष्य काढलेला शिक्षक.

आणि बुवांनी जे सांगितलं ते लिहून घेतलं पाहिजे. आवाज फुटताना काय करायचं, ज्याला सूर लागत नाही त्याला त्याच्याच स्वरापासून कसं वर आणायचं, मुलींची पट्टी वयानुसार कधी बदलायची, दम किती लावू द्यायचा. हे ज्ञान आज गावोगावच्या बुवांकडे आणि बाईंकडे आहे आणि त्यांच्याबरोबर जातं आहे. एम.ए.च्या शेवटच्या वर्षी दहा क्रेडिटांचा संशोधन प्रकल्प असतो. एखाद्या रागाचा इतिहास पाच जुन्या पुस्तकांतून उतरवून काढण्यापेक्षा एका गुरूसमोर सत्रभर बसून त्यांची शिकवण्याची रीत नोंदवली, तर तो खरा प्रकल्प होईल. त्याला मार्गदर्शक मिळतील, विषय कधी संपणार नाहीत.

अभ्यास मंडळावर बसणाऱ्यांना विनंती आहे: पुढच्या बैठकीत ‘ऑन द जॉब ट्रेनिंग’चा विषय निघेल तेव्हा शाळा हा शब्द त्यात लिहून घ्या. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, क्रेडिटं आधीच ठरलेली आहेत. आणि ज्या मुख्याध्यापकांच्या वेळापत्रकात संगीताचा तास शिक्षकाअभावी रिकामा जातो आहे, त्यांनी जवळच्या विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या संगीत विभागाला एक पत्र लिहावं. विभागाकडे विद्यार्थी आहेत आणि १२० तास आहेत. तुमच्याकडे मुलं आहेत.